मूळ मालकास परत

ठाणे कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत
एकोणीस वर्षं काढली मी.
खिडकी एकच, तीही बाहेरच्या जांभळाने अडवलेली.
आत गंजलेल्या तलवारी, सोड्याच्या बाटल्या, सायकलची चेन,
कुणाची तरी एकच चप्पल.
प्रत्येकाला सुतळी, लाख, दोन पंचांच्या सह्या.

हा वरवंटा त्यातलाच.
काळा, एका टोकाला झिजलेला,
अंगावर लाल ऑइलपेंटने ९.
खारटन रोडवरून खाडीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत
तो तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून आला होता,
एका मिरवणुकीच्या संध्याकाळी,
दुधाची पिशवी आणायला निघालेल्या चौदा वर्षांच्या पोरावर.

पोराचं नाव सांगत नाही.
मिरवणूक कुणाची, गच्ची कुणाची, तेही नाही.
सांगितलं की तुम्ही मान डोलवाल,
मनातल्या मनात एक रकाना भराल
आणि पुढचं ऐकणार नाही.
पंचनाम्यातही एवढंच आहे:
‘धार्मिक घोषणा देत.’

अकरा वर्षांनी सगळे सुटले.
साक्षीदारांना काही आठवेना.
निकालाच्या तळाशी नेहमीची ओळ:
मुद्देमाल क्रमांक नऊ,
अपिलाची मुदत संपल्यावर, मूळ मालकास परत.

आमचा शिपाई गजाभाऊ भोईर म्हणाला,
‘दगडाचा काय दोष, बाई?
चटणी वाटा, नाहीतर डोकं फोडा.
धर्माचं पण तसंच. हात वाईट.’
मी हो म्हटलं. डबा उघडला.
दंगलीच्या प्रत्येक फाइलीवर आम्ही हे म्हणतो,
लाख लावावी तसं.
सील बसतं.

त्या दुपारी मात्र घास तोंडात फिरत राहिला.
वरवंट्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं
की भिंतीपलीकडचं पाणी वेगळं.
तो मुका.
मला सांगितलं गेलं होतं.
कोपरीच्या आमच्या दोन खोल्यांत,
मावशी वरणभात कालवता कालवता, मायेनं:
‘त्यांच्यात जेवू नको हां, बाळ.’
त्याच तोंडाने मग शुभंकरोती.
आणि माझ्या टायफॉइडात रात्र रात्र
कपाळावर हात, तोही तिचाच.
हे वेगळं कसं काढायचं?
कलिन्याच्या लॅबला पाठवलं
तर ते काय लिहून देतील?

ती मे महिन्यात आली,
मिरच्या वाळत घालायच्या दिवसांत.
ओळखपत्र, दोन झेरॉक्स, हातात रिकामी कापडी पिशवी.
मी न विचारताच बोलली.
‘माझ्याच ओट्यावरून नेला त्याने.
कडी मीच काढली.
देवाचं नाव घेत दार वाजवत होता.
मला वाटलं, कोणीतरी घाबरलंय,
आसरा मागतंय.’

हे ती कोर्टात बोलली नव्हती.
का, ते मी विचारलं नाही.
‘अजून तोच जिना आहे आमचा,’ ती म्हणाली,
‘समोर आला की विचारतो, बरं आहे ना?’

मी म्हटलं, नका नेऊ.
अर्ज द्या, आम्ही नष्ट करू.
‘आईने दिलाय लग्नात.
पाटा अकरा वर्षं नुसता उभा आहे मोरीत.’

सुतळी कापली. लाखेचे तुकडे टेबलावर पडले.
तिने वरवंटा दोन्ही हातांत तोलला,
जरा खाली झुकली,
वजन विसरली असावी.
मग अंगठ्याने तो ९ घासून पाहिला.
‘हे जाईल?’
‘रॉकेलने जाईल थोडं.’
‘राहू दे. वाटता वाटता झिजेल.’

पिशवीत घालता घालता थांबली.
‘म्हणजे चटणीतच जाईल.’

पंखा फिरत होता. गजाभाऊ बाहेर बिडी ओढत होता.
मी रजिस्टर पुढे सरकवलं,
त्यातला छापील मजकूर बोटाने दाखवला,
आणि तिने त्याखाली सही केली:

माल सुस्थितीत मिळाला.